तुल्यबळ कोण? काल्पनिक प्राण्यांच्या लढती आणि श्रेणी लावण्याचे गणित

कुस्तीच्या स्पर्धेत मल्लाला आखाड्यात उतरविण्यापूर्वी वजनकाट्यावर उभे करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ऑलिंपिक स्पर्धेत पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलोग्रॅम असे सहा वजनगट आहेत. सत्तावन्न किलोच्या मल्लाची जोड सव्वाशे किलोच्या मल्लाशी कोणी लावत नाही. वजनगट पाडण्याची ही रीत साधी आहे, आणि तिच्यात एक मोठी सोय आहे. वजन हे मल्लाचे स्वतःचे असते. समोर कोण उभा आहे यावरून काट्याचा आकडा बदलत नाही. म्हणून लढत होण्यापूर्वीच आपण गट ठरवू शकतो.

परंतु ज्यांना काट्यावर उभे करता येत नाही, अशांचे गट कसे पाडायचे? हा प्रश्न आज जगभरातील लाखो खेळाडूंपुढे एका वेगळ्याच आखाड्यात उभा राहिला आहे. त्याचे उत्तर शोधताना संभाव्यता, सांख्यिकी आणि थोडे जीवशास्त्रही उपयोगी पडते. तो आखाडा म्हणजे पोकेमॉन हा संगणकीय खेळ.

खेळाची ओळख

पोकेमॉनचा पहिला खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला. त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते. पुढे खेळाच्या नवनव्या ‘पिढ्या’ येत गेल्या आणि प्राण्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. स्पर्धेच्या लढतीत प्रत्येक खेळाडू सहा प्राण्यांचा संघ आणतो. मैदानात एका वेळी दोन्ही बाजूंचा एकेकच प्राणी असतो. आपली पाळी आली की खेळाडूपुढे दोन मार्ग असतात. एक तर आपल्या प्राण्याला येणाऱ्या चार डावांपैकी एक डाव टाकायचा, नाही तर त्याला मागे घेऊन दुसरा प्राणी पुढे आणायचा. ज्याचे सहाही प्राणी गारद होतात, तो हरतो. (अधिकृत स्पर्धांत दोन-दोन प्राणी एकाच वेळी लढतात व तेथील नियमही निराळे असतात. आपण येथे खेळाडूंनी स्वतः उभारलेल्या एकेरी पद्धतीचा विचार करणार आहोत.)

आता समजा, हजारांतून कोणतेही सहा घ्या अशी मोकळीक दिली, तर काय होईल? जिंकू पाहणारा प्रत्येक जण सर्वांत प्रबळ असे पंधरा-वीस प्राणीच आलटून पालटून आणील, आणि उरलेले शेकडो प्राणी पेटीत पडून राहतील. खेळात हजार प्राणी असले तरी खेळ मात्र विसांचाच होईल. शिवाय ज्याला एखादा दुबळा प्राणी आवडतो, त्याने तो आणणे म्हणजे आधीच हार पत्करणे. म्हणून श्रेण्या हव्यात. प्रत्येक श्रेणीत प्राणी साधारण तुल्यबळ असावेत आणि निकाल खेळाडूच्या कौशल्यावर लागावा, हा त्यांचा हेतू. पण प्राण्याचे बळ मोजायचे कसे?

पहिला प्रयत्न : बेरीज

प्रत्येक पोकेमॉनला सहा मूळ आकडे दिलेले असतात. ते असे : जीवनशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. मग या सहांची बेरीज करावी आणि बेरजेप्रमाणे क्रम लावावा, असे कोणालाही प्रथम सुचेल. पुढील तीन प्राण्यांची बेरीज पाहा.

म्यूटू : १०६ + ११० + ९० + १५४ + ९० + १३० = ६८०
स्लेकिंग : १५० + १६० + १०० + ९५ + ६५ + १०० = ६७०
वॉबफेट : १९० + ३३ + ५८ + ३३ + ५८ + ३३ = ४०५

बेरीज खरी मानली तर म्यूटू आणि स्लेकिंग जवळजवळ सारखे, आणि वॉबफेट फार मागे. प्रत्यक्षात मात्र म्यूटू इतका प्रबळ ठरला की सर्वसाधारण लढतींत त्याला बंदी आहे, आणि स्लेकिंग अलीकडच्या पिढ्यांत खालच्या श्रेण्यांत आढळतो. असे का? स्लेकिंग हा आळशी प्राणी आहे. एक डाव टाकला की पुढच्या पाळीला तो स्वस्थ बसतो. प्रतिस्पर्ध्याला हे ठाऊक असते, त्यामुळे त्या मोकळ्या पाळीत तो आपली तयारी करून घेतो. १६० चा जबरदस्त हल्ला निम्म्या वेळी उपयोगातच येत नाही.

वॉबफेटची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या हल्ल्याचा आकडा अवघा ३३, आणि तो आपणहून हल्ला करीतही नाही. मिळालेला मार दुप्पट करून परत देणे, हे त्याचे काम. पण २००२ साली सुरू झालेल्या तिसऱ्या पिढीत त्याला असा अंगभूत गुण मिळाला की त्याच्यासमोर आलेल्या प्राण्याला सहजासहजी माघार घेता येईना. शिवाय समोरच्याला मागचाच डाव पुन्हा टाकायला लावण्याची युक्तीही त्याच्यापाशी होती. ज्या खेळात वेळेवर माघार घेणे हेच अर्धे कौशल्य, त्या खेळात माघारीची वाट बंद करणारा प्राणी किती घातक असेल याची कल्पना करा. तिसऱ्या व चौथ्या पिढीत ४०५ बेरजेच्या या प्राण्याला म्यूटूच्या पंक्तीत बसवून बंदी घालावी लागली.

तेव्हा बेरीज हे माप फसवे आहे. वेगाचा एक गुण आणि जीवनशक्तीचा एक गुण यांची किंमत सारखी आहे, असे ती मुकाट्याने गृहीत धरते. प्राण्याचे डाव आणि अंगभूत गुण तर ती पाहतच नाही.

बळ कोणाच्या समोर?

यावर कोणी म्हणेल, “बेरीज चुकीची असेल, पण डाव, गुण, वेग असे सारे हिशेबात घेणारे एखादे मोठे सूत्र बनविता येईल.” असे सूत्र का पुरे पडत नाही, ते चॅरिझार्ड या प्राण्यावरून कळेल.

चॅरिझार्ड हा अग्नी आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा प्राणी आहे. या खेळात प्रकारांचे एक कोष्टक असते. पाणी अग्नीवर दुप्पट परिणाम करते, अग्नी वनस्पतीवर दुप्पट, वनस्पती पाण्यावर दुप्पट. उलट दिशेने परिणाम निम्मा होतो. आज असे १८ प्रकार आहेत. खडक हा प्रकार अग्नीवर दुप्पट परिणाम करतो आणि उड्डाणावरही दुप्पट. म्हणून चॅरिझार्डवर खडकाचा परिणाम चौपट होतो.

२००६ साली चौथ्या पिढीत एक नवा डाव आला. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला अणकुचीदार खडक तरंगत ठेवायचे. मग तेथे जो प्राणी मैदानात येईल त्याला येताक्षणीच इजा होते. ही इजा साधारण प्राण्याला पूर्ण जीवनशक्तीच्या १/८ असते. चॅरिझार्डला ती १/८ × ४ = १/२ होऊ लागली. मैदानात पाऊल टाकताच निम्मा जीव गेला! दोनदा आत-बाहेर केले की संपलाच. पुढे २०१९ साली आठव्या पिढीत असे बूट आले की ते घालणाऱ्या प्राण्याला या खडकांची बाधा होत नाही, आणि चॅरिझार्डवरचे हे संकट हलके झाले.

या साऱ्या काळात चॅरिझार्डच्या आकड्यांची बेरीज ५३४ च होती. त्याच्यात काही बदलले नव्हते; बदलले होते ते त्याच्या भोवतालचे जग. म्हणजे प्राण्याचे बळ हे मल्लाच्या वजनासारखे नाही. ते पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखे आहे. पाणी किती अंशांना उकळते, असे विचारले तर आपण हवेचा दाब किती, असे उलट विचारले पाहिजे. समुद्रकाठी ते शंभर अंश सेल्सिअसला उकळते आणि महाबळेश्वरला त्याच्या आधीच. तसेच “हा प्राणी किती बलवान?” या प्रश्नाला “कोणाच्या समोर?” हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

निसर्गातही असे घडते. कॅलिफोर्नियात युटा स्टान्सब्युरियाना नावाचे लहान सरडे आहेत. त्यांच्या नरांत गळ्याच्या रंगावरून तीन जाती दिसतात. नारिंगी गळ्याचे नर आक्रमक असतात व मोठ्या क्षेत्रावर ताबा ठेवतात. ते निळ्या गळ्याच्या नरांना हटवितात. निळे नर आपल्या मादीची जागरूकपणे राखण करतात, त्यामुळे चोरून शिरणाऱ्या पिवळ्यांची त्यांच्यापुढे डाळ शिजत नाही. पण नारिंगी नरांचे क्षेत्र इतके मोठे असते की पिवळ्यांना तेथे नजर चुकवून शिरता येते. तात्पर्य, नारिंगी निळ्यावर भारी, निळा पिवळ्यावर भारी आणि पिवळा नारिंगीवर भारी! बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली या शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले की या तिन्ही रंगांचे प्रमाण वर्षांगणिक चक्राकार बदलत राहते. यांत ‘सर्वांत बलवान’ कोण? त्या वर्षी आसपास कोणता रंग अधिक आहे, यावर ते अवलंबून.

मग मोजायचे काय?

प्राण्याचे बळ थेट मोजता येत नसेल, तर जे मोजता येते ते मोजावे. जिंकण्यासाठी धडपडणारे हजारो खेळाडू प्रत्यक्षात कोणते प्राणी निवडतात, हे तर मोजता येईल! त्यांच्या निवडीत आकडे, डाव, गुण आणि भोवतालची परिस्थिती या सगळ्यांचा हिशेब आपोआप आलेला असतो. २००४ साली सुरू झालेल्या स्मॉगन या खेळाडूंच्या समुदायाने हाच मार्ग धरला. पोकेमॉन शोडाउन या संगणकीय मंचावर दरमहा लाखो लढती होतात. त्यांतील किती संघांत कोणता प्राणी होता, याची टक्केवारी काढली जाते. तिला आपण ‘वापर’ म्हणू.

वापर किती टक्के असला म्हणजे प्राणी वरच्या श्रेणीत धरावा? ५ टक्के? १० टक्के? मनाला येईल तो आकडा घेण्याऐवजी त्यांनी एक व्याख्या केली. ती अशी : एखाद्याने १५ लढती खेळल्या, तर त्यांत तो प्राणी निदान एकदा तरी समोर येण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक असली पाहिजे. सोप्या शब्दांत, ज्याची तयारी ठेवून घरून निघावे लागते, तो वरच्या श्रेणीचा.

आता लॉगॅरिदमचे कोष्टक घ्या. प्राण्याचा वापर ‘प’ मानू. एका लढतीत तो समोर न येण्याची संभाव्यता (१ − प). ओळीने १५ लढतींत न येण्याची संभाव्यता (१ − प) चा पंधरावा घात. सीमारेषेवर ही संभाव्यता नेमकी १/२ असेल.

(१ − प)^१५ = १/२
१५ × लॉग (१ − प) = − लॉग २ = − ०.३०१०
लॉग (१ − प) = − ०.०२००७
१ − प = ०.९५४८
प = ०.०४५२, म्हणजे ४.५२ टक्के.

ही ४.५२ टक्क्यांची रेषा अशी निघाली. पूर्वी व्याख्येत १५ ऐवजी २० लढती धरीत असत. तेव्हा रेषा कोठे होती, ते तुम्हीच काढा. उत्तर शेवटी दिले आहे.

एक ताळा पाहू. प्रत्येक संघात सहा प्राणी असतात, म्हणून सर्व प्राण्यांच्या वापराची बेरीज ६०० टक्के होते. ६०० ला ४.५२ ने भागले तर १३२ पूर्ण भाग जातात. म्हणून वरच्या श्रेणीत १३२ हून अधिक प्राणी असूच शकत नाहीत. प्रत्यक्षात ही संख्या चाळीसच्या आसपास असते, कारण काही प्राण्यांचा वापर रेषेच्या कितीतरी वर असतो.

उतरंड

या पहिल्या श्रेणीचे नाव ओव्हरयूज्ड, म्हणजे फार वापरलेले. आता या श्रेणीतील सर्व प्राणी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांची वेगळी स्पर्धा चालवायची. तेथेही वापर मोजायचा. ४.५२ टक्क्यांच्या वर असतील ते अंडरयूज्ड, म्हणजे कमी वापरलेले. तेही बाजूला ठेवून पुन्हा स्पर्धा, पुन्हा मोजणी. अशा रीतीने रेअरलीयूज्ड, नेव्हरयूज्ड आणि पीयू अशी उतरंड रचली जाते. ‘नेव्हरयूज्ड’ म्हणजे ‘कधीच न वापरलेले’ हे नाव मात्र शब्दशः घ्यायचे नाही. आपल्या श्रेणीत ते प्राणी भरपूर वापरले जातात, आणि श्रेण्या करण्याचा हेतूही हाच.

या उतरंडीचा एक नियम ध्यानात ठेवा. खालच्या श्रेणीचा प्राणी वरच्या श्रेणीत खेळवायला पूर्ण मुभा असते. वरच्याला मात्र खाली येता येत नाही. म्हणून खालची श्रेणी हा तुरुंग नव्हे. एखाद्या कल्पक खेळाडूने दुर्लक्षित प्राण्याचा नवा उपयोग शोधून काढला आणि इतरांनी तो उचलला, तर प्राण्याचा वापर वाढतो आणि काही महिन्यांनी होणाऱ्या फेरमोजणीत तो वर चढतो.

कोणाची निवड मोजायची?

येथे एक अडचण उभी राहते. नवशिका खेळाडू पिकाचू आणतो, कारण त्याला पिकाचू आवडतो. समजा, १०० नवशिक्यांपैकी ३० जणांनी पिकाचू आणला आणि २० निष्णात खेळाडूंपैकी एकानेही आणला नाही. सरळ मोजणी केली तर वापर ३०/१२० = २५ टक्के येतो, आणि पिकाचू थेट वरच्या श्रेणीत जाऊन बसतो! तेथून त्याला खाली येता येणार नाही, म्हणजे नुकसान त्याच्याच चाहत्यांचे.

म्हणून प्रत्येक खेळाडूच्या निवडीला त्याच्या कौशल्याप्रमाणे भार देतात. कौशल्य मोजण्याची युक्ती बुद्धिबळातून आली. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी खेळाडूंना गुणांक देण्याची पद्धत बसविली, आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. दोघांच्या गुणांकांत २०० चा फरक असेल तर वरच्याने सरासरी शंभरात ७६ गुण मिळवावेत, ४०० चा असेल तर ९१, अशी तिची मांडणी आहे. निकाल अपेक्षेहून वेगळा लागला की गुणांक वरखाली होतात. १९९५ साली मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने तीत सुधारणा केली. गुणांक किती आहे याबरोबरच तो किती खात्रीचा आहे, हेही त्याची पद्धत सांगते. त्यावरून हा खेळाडू ठरावीक पातळीच्या वर असण्याची संभाव्यता निघते, आणि तीच त्याचा भार म्हणून वापरतात.

वरच्या उदाहरणात निष्णातांना १ आणि नवशिक्यांना ०.०२ भार देऊन पाहा. पिकाचूच्या वाट्याला ३० × ०.०२ = ०.६ येतात, एकूण भार १०० × ०.०२ + २० = २२. वापर ०.६/२२, म्हणजे सुमारे २.७ टक्के. पिकाचू रेषेखाली आला.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. खरा वापर ४.५२ टक्के असलेल्या प्राण्याची मोजणी फक्त ४०० संघांवरून केली, तर प्रमाण विचलन सुमारे १ टक्का येते. म्हणजे नुसत्या योगायोगाने आकडा साडेतीन किंवा साडेपाच टक्के दिसू शकतो. ४०,००० संघ घेतले तर हीच चूक दहा पटींनी घटून ०.१ टक्क्यावर येते. संघ शंभर पटींनी वाढविले तरी चूक दहाच पटींनी घटते, हा वर्गमुळाचा नियम सांख्यिकीत तुम्हाला वारंवार भेटेल.

वापर म्हणजे बळ नव्हे

आतापर्यंतच्या विवेचनावरून तुमचा असा समज होईल की ज्याचा वापर सर्वांत अधिक तो सर्वांत बलवान, आणि खेळ बिघडला तर त्यालाच बंदी घालावी. हा समज किती धोक्याचा आहे, ते एका लहान खेळावरून पाहू.

तीनच प्राणी घ्या : अग्नी, पाणी, वनस्पती. अग्नी वनस्पतीला हरवितो, पाणी अग्नीला, वनस्पती पाण्याला. प्रत्येक विजयाला १ गुण. जिंकणाऱ्याला जितके गुण मिळतात तितकेच हरणाऱ्याचे जातात. दोघांनीही एकाच वेळी गुपचूप प्राणी निवडायचा. अशा खेळात शहाणा खेळाडू तिन्ही प्राणी सारख्याच प्रमाणात, प्रत्येकी १/३ वेळा वापरील.

आता अग्नीला बळ देऊ. त्याने वनस्पतीला हरविले तर २ गुण. बाकीचे विजय पूर्वीप्रमाणे १ गुणाचे. आता कोणाचा वापर वाढेल? झटकन उत्तर येते, “अग्नीचा.” गणित करून पाहा. समतोल स्थितीत तिन्ही प्राण्यांची सरासरी कमाई सारखी असली पाहिजे. नाही तर खेळाडू अधिक कमाईच्या प्राण्याकडे वळतील. अग्नीचा वापर १/४, पाण्याचा १/२ आणि वनस्पतीचा १/४ धरू.

अग्नीची कमाई : २ × १/४ − १ × १/२ = ०
पाण्याची कमाई : १ × १/४ − १ × १/४ = ०
वनस्पतीची कमाई : १ × १/२ − २ × १/४ = ०

तिघांचीही कमाई शून्य, म्हणजे हाच समतोल. बळ दिले अग्नीला, आणि वापर वाढला पाण्याचा! अग्नीचा वापर तर १/३ वरून १/४ वर घसरला. कारण उघड आहे. अग्नीची धास्ती वाढली, म्हणून जो तो अग्नीचा बंदोबस्त करणारे पाणी जवळ बाळगू लागला.

आता केवळ वापराचे आकडे हाती असलेला पंच काय करील? “पाणी फार माजले आहे,” असे म्हणून तो पाण्यावर बंदी घालील. मग मैदानात उरले अग्नी आणि वनस्पती. अग्नी प्रत्येक वेळी जिंकणार, वनस्पती कोणी आणणार नाही, आणि खेळच संपेल. पाणी हे दुखणे नव्हते, ते औषध होते.

म्हणून वापराचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्या. “कोणाची तयारी ठेवावी लागते?” याचे उत्तर तो देतो. “खेळ कोणामुळे बिघडला?” याचे उत्तर त्यात नसते. श्रेण्यांची उतरंड रचायला पहिले उत्तर पुरते. बंदी घालायला पुरत नाही.

बंदीचा निर्णय

या कारणाने बंदीसाठी वेगळी रीत ठेवलेली आहे. एखाद्या प्राण्यावर संशय आला की त्याची चाचणी जाहीर होते. मतदानाचा हक्क हवा असेल त्याने त्या काळात लढती खेळून ठरावीक गुणांक कमवावा लागतो, म्हणजे प्रत्यक्ष खेळून पाहिलेल्यांनाच मत मिळते. प्रश्न असे विचारले जातात : या प्राण्याला रोखण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत का? त्याला रोखण्याच्या नादात सर्वांचे संघ एकाच साच्याचे होतात का? चांगला खेळाडूसुद्धा केवळ त्याच्यामुळे हरतो का? साधारणपणे ६० टक्के मते बंदीच्या बाजूने पडली तरच बंदी लागू होते. फारच उघड प्रकरण असेल तर अनुभवी खेळाडूंचे मंडळ थेट निर्णय घेते. बंदी आलेले प्राणी उबर नावाच्या वरच्या श्रेणीत आपसात लढतात. कधी कधी दोष प्राण्याचा नसून त्याच्या एका गुणाचा असतो. वॉबफेटचा माघार रोखण्याचा गुण इतरही काही प्राण्यांत आला, तेव्हा २०१३ साली सुरू झालेल्या सहाव्या पिढीच्या मुख्य श्रेणीत त्या गुणावरच बंदी आली.

या दोन रीती खरोखर वेगळ्या असल्याचा पुरावा उतरंडीतच सापडतो. काही प्राणी असे असतात की वरच्या श्रेणीत त्यांचा वापर ४.५२ टक्क्यांपेक्षा कमी असतो, पण खालच्या श्रेणीत आले की तेथे कोणाला उभे राहू देत नाहीत. वापरावरून खालचे, परिणामावरून तेथे नकोसे! त्यांच्यासाठी दोन श्रेण्यांच्या मध्ये ‘बॉर्डरलाइन’ अशी वेगळी यादी ठेवावी लागते. एकच माप पुरले असते तर या यादीची गरज पडली नसती.

मतदानात माणसांचा कल येतो, हे खरे. पण “खेळ कसा असावा?” हा प्रश्न काट्यावर ठेवता येत नाही. मोजमाप वस्तुस्थिती सांगते. त्या वस्तुस्थितीचे काय करायचे हे माणसांनी विचार करून ठरवायचे असते. मात्र मोजणी सर्वांपुढे उघडी असावी आणि कोणालाही ती पुन्हा करून पाहता यावी. वापराचे आकडे व ४.५२ ची व्याख्या दोन्ही जाहीर असल्यामुळे हरणाऱ्यालाही ताळा घेता येतो. श्रेणी न्याय्य आहे असे आपण म्हणतो, ते यामुळे. शाळेच्या स्पर्धांत गट पाडताना किंवा गुणांवरून क्रम लावताना हे दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : आपण नेमके काय मोजले? आणि त्या आकड्याकडून आपण त्याच्या कुवतीबाहेरचे उत्तर तर मागत नाही ना?

करून पाहा

१. वर्गात जोड्या करा. अग्नीच्या विजयाला २ गुण, बाकीच्यांना १, असा तीन प्राण्यांचा खेळ ६० फेऱ्या खेळा. एकाने दोन नाणी उडवून निवड करावी : दोन्ही छाप आले तर अग्नी, दोन्ही काटे आले तर वनस्पती, एक छाप व एक काटा आला तर पाणी. यामुळे १/४, १/४, १/२ हे प्रमाण आपोआप साधते. दुसऱ्याने मनाला येईल तसे खेळून नाणेवाल्याला हरविण्याचा प्रयत्न करावा. एका जोडीत नशिबाने नऊ-दहा गुणांचा चढउतार सहज दिसेल. वर्गातील सर्व जोड्यांची बेरीज करून दर फेरीची सरासरी काढा. ती शून्याच्या किती जवळ येते?

२. आता अग्नीचा विजय ३ गुणांचा करा. समतोलात पाण्याचा वापर किती होईल?

३. वीस लढतींची जुनी व्याख्या घेऊन सीमारेषा काढा.

उत्तरे : (२) अग्नी १/५, पाणी ३/५, वनस्पती १/५. (३) ०.३०१० ÷ २० = ०.०१५०५; १ − प = ०.९६५९, म्हणून ३.४१ टक्के.